चार दिवसांचा पास

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत, कापडाचे. युरोपातल्या एका शहरात, गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ते चौतीस वर्षं कटिंग मास्तर होते. लांबलचक टेबलावर कापडाचे चाळीस-चाळीस थर पसरायचे, वर खडूनं आखायचं, आणि मग सुरीचं यंत्र असं फिरवायचं की चाळीस बाह्या एकदम सुटून याव्यात. या कामात हुशारी कापण्यात नसते, मांडणीत असते. पाठीचा तुकडा इथे, कॉलर त्याच्या काखेत, खिसा उरलेल्या कोपऱ्यात, असं बसवत जायचं आणि टेबलाखालच्या पेटीत कतरण म्हणून मूठभरच पडू द्यायची. मास्तरांची तर मूठभरही पडायची नाही. मालक नव्या लोकांना मुद्दाम ती पेटी दाखवायला आणत. मास्तर तेवढ्यापुरते दुसरीकडे बघत उभे राहत, पण कान सगळे इकडे.

असा माणूस सहसा चुकत नाही. चुकला तर मात्र आपल्या गुणापायीच चुकतो, आणि मग त्याला कोणी समजावूही शकत नाही. काय सांगणार? कतरण टाका म्हणून?

मास्तरांना एकच बहीण, आक्का. त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मास्तर पाच वर्षांचे होते. त्यांना न्हाऊ-माखू घालण्यापासून नोकरीच्या पहिल्या दिवशी कॉलर नीट करून देण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. मग ती लग्न होऊन गेली ती थेट इथून चौथ्या देशात. आता युरोपातले देश ते केवढेसे. सकाळचा चहा एकात आणि दुपारचं जेवण दुसऱ्यात. पण देश लहान असले म्हणून माणसं जवळ येतात असं थोडंच आहे? दाजी वारले तेव्हा मास्तर जाऊन आले होते, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून दर वर्षी ‘पुढच्या वर्षी नक्की’ चाललं होतं.

मास्तर निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी, एका दुपारी, आक्काचा फोन आला.

“बारक्या, माझी नजर चाललीय,” ती म्हणाली. एकसष्ट वर्षांच्या माणसाला बारक्या म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं. “डॉक्टर म्हणतात, दोन-तीन महिने. पुढचं काही सांगता येत नाही. त्याच्या आत एकदा येऊन जा. तुझं तोंड बघायचंय मला.”

“अगं, फोनवर दिसतोच की मी.”

“ते काय बघणं झालं? निम्मं तुझं कपाळ दिसतं आणि निम्मं तुझ्या घराचं छत.”

मास्तर म्हणाले, येतो. फोन ठेवला आणि तडक स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. ती अजून त्याच कारखान्यात काजं-बटणांच्या विभागात होती, शाळा उघडण्याआधीचा हंगाम ऐन भरात होता, म्हणजे जायचं ते मास्तरांनी एकट्यानंच. विमानाचा प्रश्न नव्हता. कानाचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी त्यांना विमान बंद केलं होतं. राहिली आगगाडी. डॉक्टरांच्या त्या ‘दोन-तीन महिन्यां’तले मास्तरांनी तीन धरले. बायकोनं दोन धरले. सगळं घोडं तिथेच अडलं, पण ते तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर स्टेशनवर गेले. परदेशच्या तिकिटांची खिडकी वेगळी होती, आणि तिच्यामागे चाळिशीची एक बाई बसत असे. बोलायला गोड, पण एक गोष्ट दोनदा सांगणार नाही अशी.

“काका, तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत,” ती म्हणाली. “एक, वेगवेगळी तिकिटं. आजच्या आज काढलीत तर स्वस्त. पण मग तीच गाडी आणि तीच वेळ; चुकली की तिकीट फाडून टाकायचं. दोन, पास. महिन्याभरातले कुठलेही चार दिवस, किंवा पाच, किंवा सात. तुम्ही ज्या दिवसाची तारीख पासावर लिहाल, त्या दिवशी रात्री बारापर्यंत कुठल्याही देशात कुठल्याही गाडीत बसा.”

“कुठल्याही?”

“जलद गाड्यांना जागा आधी राखून ठेवावी लागते. पासवाल्यांसाठी अशा जागा मोजक्याच असतात. आणि तिसरा रस्ता म्हणजे पास घेऊन साध्या गाड्यांनी जा. राखायचं काही नाही, चढायचं आणि बसायचं. फक्त जलद गाड्यांनी दोन दिवस लागतात, तिथे साध्यांनी तीन लागतील.”

मास्तरांच्या डोक्यात खडू चालू झाला. साध्या गाड्यांनी जायला तीन, यायला तीन, झाले सहा. सहा दिवसांचा पास नाही. सातचा घ्यावा तर एक दिवस वाया. जलद गाड्यांनी जायला दोन, यायला दोन, आणि पास चारचा. अगदी अंगाबरोबर. पण वेगळी तिकिटं आज स्वस्त आहेत म्हणते ही. “उद्या सांगतो,” मास्तर म्हणाले.

“उद्या भाव हाच असेल असं नाही हं, काका.”

घरी येऊन त्यांनी माळ्यावरून तपकिरी कागदाची सुरळी काढली, तीच ती, नमुने आखायची. जेवणाच्या टेबलावर पसरली, चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवली आणि आखायला बसले. एकेक दिवस म्हणजे एकेक पट्टा. पट्ट्यात गाड्यांचे तुकडे. गाडी बदलायला लागणारा वेळ तिरप्या रेघांनी. बायको कामावरून आली तर टेबलावर ताट ठेवायला जागा नाही. त्या दिवशी दोघं ओट्याशी उभ्यानं जेवली. पुढे तीन आठवडे उभ्यानंच जेवली, हे आत्ताच सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी तिकिटांचा भाव वाढला होता. मास्तर म्हणाले, उतरेल. कापडाचे भाव चढतात-उतरतात, त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. हंगाम संपला की कापड उतरतंच. पण आगगाडीचं तिकीट काही कापड नव्हे. ते रोज थोडं थोडं चढतच गेलं, आणि मास्तर रोज खिडकीशी जाऊन चढलेला भाव विचारून परत येत राहिले. सोमवारी गेले, बुधवारी गेले, शनिवारी दोनदा गेले. दुसऱ्या आठवड्यात खिडकीवाली बाई त्यांना लांबून बघूनच मान हलवायला लागली.

तिकिटांचा नाद सुटला तेव्हा त्यांनी पासाला हात घातला. इथेही फट निघालीच. परतीच्या वाटेवरची एक गाडी रात्री बारा वाजून बारा मिनिटांनी पोचत होती. बारा मिनिटांसाठी पासाचा आख्खा एक दिवस जाणार. म्हणजे चारचा पास पुरत नाही, पाचचा घ्या. पाचचा घेतला की एक दिवस जवळपास कोराच्या कोरा उरणार. मास्तरांनी ती गाडी पट्ट्यातून खोडली. अलीकडची घेतली, तर तिला जोडून गाडी मिळेना. मार्ग बदलून दुसऱ्या डोंगराला वळसा घातला, तर वाटेत एक छोटी लाइन निघाली, तिच्यावर पासच चालत नाही. खोडरबरानं कागद झिजून पातळ झाला, मग खालून दुसरा कागद चिकटवला.

“नमनालाच घडाभर तेल,” बायको म्हणाली. “अहो, जाऊन यायचंय. पृथ्वीप्रदक्षिणा करायची नाहीये.”

“दहादा मोजावं आणि एकदाच कापावं.”

“मोजा. मोजता मोजता कापड विटलं तर मला सांगू नका.”

मास्तरांना स्वस्थता म्हणून नव्हती. टेबलाशी बसले की उठावंसं वाटे, आणि उठले की परत बसून एक रेघ तपासावीशी वाटे. रस्त्यानं चालताना ते ओठातल्या ओठात वेळा म्हणत. स्टेशनवर काम नसलं तरी जाऊन मोठ्या फलकाखाली उभे राहत. गावांची नावं खालून वर सरकायची, सर्वांत वरची गाडी निघून जायची, खाली नवी यायची, आणि मास्तर तिथे अर्धा-अर्धा तास, दोन्ही हात पाठीमागे बांधून. लोकांना वाटे, कोणाला तरी घ्यायला आले असतील.

कंजूषपणा होता का हा? मुळीच नाही. तीन वर्षांपूर्वी शेजाऱ्याच्या मुलाला फी भरायला पैसे दिले होते ते त्यांनी परत मागितलेही नव्हते. पैसा जाण्याचं त्यांना दुःख नसे. वाया जाण्याचं असे. आणि याच्याही खाली आणखी काहीतरी होतं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मास्तर घाबरले होते. आक्काच्या दारात आपण उभे राहिलो आणि तिनं विचारलं, कोण आहे, तर? हा विचार मनात आला की त्यांचा हात आपोआप पेन्सिलीकडे जायचा. कागदावर रेघा चालू आहेत तोवर सगळं अजून पुढे आहे, आक्का अजून बघतेय, असं काहीसं त्यांच्या मनानं घेतलं होतं. वेडेपणाच, पण होता खरा.

तिसरा आठवडा संपताना मांडणी जमली. चारचाच पास, चारही दिवस काठोकाठ, उरलं-सुरलं काही नाही. सोमवारी सकाळी दाढी करून मास्तर खिडकीशी गेले आणि पास घेतला. फोनमधला नाही, कागदाचा. त्यावर चार चौकोन होते, प्रवासाच्या दिवशी एकेकात शाईनं तारीख लिहायची. पास हातात आल्यावर म्हणाले, आता जलद गाड्यांतल्या जागा द्या.

बाईनं बराच वेळ पडद्यावर पाहिलं. “पहिली गाडी मिळतेय. तिसरी, चौथीही आहे. दुसऱ्या गाडीत मात्र पासवाल्यांच्या जागा भरल्यात. पुढची जागा थेट एकोणीस दिवसांनी.”

“एकोणीस?”

“दोन आठवड्यांपूर्वी रिकामीच होती, काका.” एवढं बोलून तिलाच वाईट वाटलं असावं, कारण तिनं आवाज खाली आणला. “असं करा ना. त्या एका गाडीचं साधं तिकीट काढा, पूर्ण भाड्याचं. तशा जागा उद्याच्याही आहेत. बाकी सगळा प्रवास पासावर. उद्या निघालात तर परवा, बुधवारी संध्याकाळी बहिणीच्या घरी पोचाल.”

मास्तर खिडकीच्या कट्ट्यावर बोटं वाजवत उभे राहिले. त्या दिवसाची तारीख पासावर लिहायची, म्हणजे तो दिवस पासातून कापला जाणार. आणि त्याच दिवशी पुन्हा वेगळं तिकीट. एकाच बाहीला दोनदा कापड लावायचं. चौतीस वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. मागे रांगेत एक माणूस खाकरला. मास्तरांनी हिशेब केला: पहिल्या फोनला पंचवीस दिवस झालेत, त्यात एकोणीस मिळवले तर दीड महिना. डॉक्टर तीन म्हणालेत. भरपूर झाले.

“एकोणीस दिवसांनीच द्या,” ते म्हणाले.

घरी येऊन त्यांनी तपकिरी कागदाची नीट घडी घातली, टेबल पुसलं आणि आक्काला फोन लावला. तारीख सांगितली, गाडीची वेळ सांगितली, एकही दिवस वाया न घालवता कसं बसवलंय तेही सांगितलं. आक्का म्हणाली, “बरं. ये सावकाश.” त्या संध्याकाळी नवरा-बायको तीन आठवड्यांनी पहिल्यांदा टेबलाशी बसून जेवली. मास्तर खुशीत होते.

दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी, गुरुवारी, दुपारी फोन वाजला. आक्काची मुलगी होती. ती आईच्या वरच्या मजल्यावर राहायची आणि दिवसभर नोकरीला जायची.

“मामा, मी फोन केल्याचं आईला सांगू नका,” ती म्हणाली. “डोळ्यांबद्दल कोणाला काही कळवायचं नाही, असं तिनं आधीच बजावलंय. आज मी लवकर घरी आले. ती पेल्यात पाणी ओतत होती, आणि पाणी सगळं ओट्यावर. पेला शेजारी होता. तिला वाटतंय मला कळलं नाही. पण मामा, मला वाटतं हे आजचं नाही, बरेच दिवसांचं आहे. तुमची तारीख अजून लांब आहे ना?”

“नऊ दिवस आहेत,” मास्तर म्हणाले. त्यांना स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

बायको घरी येईपर्यंत ते नुसते या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. चहा केला आणि तसाच गार होऊ दिला. घडी घातलेला कागद काढला, उलगडला, परत घडी घातली. बायकोनं चप्पल काढायच्या आत त्यांनी तिला सगळं सांगितलं.

ती तशीच, एका पायात चप्पल, भिंतीला टेकून उभी राहिली. “उद्या सकाळी निघा,” ती म्हणाली.

“अगं पण जागा एकोणीस दिवसांच्या हिशेबानं…”

“साध्या गाड्यांना जागा लागत नाही म्हणाली होती ना ती बाई? पहिल्याच दिवशी?”

“त्याला जायलाच तीन दिवस लागतात. पासाचे तीन चौकोन जायलाच गेले तर परतीला उरतो एक. एका दिवसात मी येऊ कसा?”

“नका येऊ,” बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मास्तर दचकले. “महिनाभर राहा तिकडे. मला काय होणार आहे इथे? बैल गेल्यावर झोपा बांधणार का तुम्ही? वन्संना तुमचं तोंड बघायचंय, पास नव्हे.”

बायकोनं दुसरी चप्पल काढली आणि त्यांची बॅग शोधायला आत गेली.

सकाळी खिडकी उघडायच्या आधीच ते तिथे उभे होते. बाईनं पडदा वर केला आणि त्यांना बघून हाताशी वही ओढली. “साध्या गाड्या,” मास्तर म्हणाले. “आत्ता निघायच्या. परतीचं परतीला बघू.” बाईनं एकदा त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग तिनं नऊ गाड्यांची यादी छापून दिली, आणि जिथे बदलायला वेळ कमी होता तिथे लाल पेनानं गोल केले. पहिली गाडी सतरा मिनिटांत होती. मास्तरांनी तिथेच कट्ट्यावर पास ठेवला आणि पहिल्या चौकोनात तारीख लिहिली.

आणि मग सुरू झाली ती गाडी. साधी गाडी म्हणजे काय असतं हे ज्यानं तिच्यात बसून कुठे वेळेवर पोचायचं असतं त्यालाच कळतं. प्रत्येक स्टेशनला थांबणार. दार उघडणार. कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही, एक म्हातारी बाकावर बसून नुसती बघतेय, आणि दार तरी उघडंच. मास्तर जागा असून बसत नव्हते. बॅग खांद्याला लावून दाराशी उभे, जणू त्यांच्या उभं राहण्यानं गाडी लवकर सुटणार होती. दहा-दहा मिनिटांनी ते यादी काढत, लाल गोल बघत, घड्याळ बघत, यादी खिशात ठेवत, आणि ठेवली की नाही म्हणून परत खिसा चाचपत.

पहिल्या दिवशी तिसरी गाडी चार मिनिटांनी चुकली. डोळ्यांदेखत गेली. मास्तर फलाटावरून तिच्याबरोबर चार पावलं धावलेसुद्धा, बॅग गुडघ्यावर आपटत, आणि मग उगीचच लोकांकडे बघून हसले. पुढची दोन तासांनी होती. प्रतीक्षागृहात एक हिटर गुरगुरत होता आणि भिंतीला पाठ लावून सहा खुर्च्या होत्या. मास्तरांनी सहाही खुर्च्यांवर बसून पाहिलं, पण त्यांना कुठेच बसवेना. तिथे त्यांनी पहिल्यांदा स्वतःला एक शिवी दिली. मोठ्यानं, आणि ती सांगण्यासारखी नाही.

दुसऱ्या देशात तिकीट तपासनीस आला. त्यानं पास उलटसुलट करून पाहिला, मास्तरांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर बोट केलं. पलीकडच्या रुळांवरून एक जलद गाडी सपकन निघून जात होती. तपासनीस काहीतरी बोलला आणि खांदे उडवले. मास्तरांना त्याची भाषा येत नव्हती, पण तो काय म्हणाला ते स्वच्छ कळलं. त्यांनी मान हलवली. तेही हेच म्हणत होते, सकाळपासून.

दोन रात्री स्टेशनजवळच्या स्वस्त खोल्यांत काढल्या, नुसत्या पडून. दुसऱ्या चौकोनात तारीख पडली, तिसऱ्यात पडली. परतीसाठी एकच चौकोन उरला होता, कशालाच न पुरणारा, आणि मास्तरांना त्याचं काही म्हणजे काही वाटलं नाही. एवढंच वाटलं की हे असं काही न वाटणं महिन्यापूर्वी जमायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी भाचीला फोन करून सांगितलं, संध्याकाळी साडेपाच. भाची म्हणाली, आईला घेऊन येते, ती घरात थांबायची नाही. “मामा, तिला सांगितलंय मी. खूप रागावली माझ्यावर.”

“माझ्यावर?”

“तुमच्याबद्दल काही बोलली नाही,” भाची म्हणाली.

हे मास्तरांना जास्त लागलं. शेवटच्या गाडीत ते दाराशी उभे राहून एकच वाक्य जुळवत होते. आक्का, चुकलो. आक्का, मला यायला उशीर झाला. आक्का, मी येऊ शकत होतो आणि आलो नाही. शेवटचं खरं होतं, म्हणून तेच ठेवलं.

स्टेशन छोटं होतं, एकच फलाट. गाडीतून पाच-सहा माणसं उतरली आणि पांगली. लांब टोकाला बाकावर आक्का बसलेली दिसली, पाठ ताठ, हात मांडीवर. शेजारी भाची उभी होती. आक्का बारीक झाली होती. केस सगळे पांढरे, पण भांग पूर्वीसारखाच सरळ. मास्तर जवळजवळ पळतच गेले आणि तिच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले.

“आक्का,” ते म्हणाले.

तिनं आवाजाच्या दिशेनं मान वर केली, क्षणभर थांबली, आणि मग तोंड फिरवलं. चक्क फिरवलं. त्यांच्यावरून उजवीकडे, भिंतीवरच्या वेळापत्रकाच्या फलकाकडे बघत बसली.

बरोबरच आहे, मास्तरांना वाटलं. मी तिच्या जागी असतो तर मीही फिरवलं असतं. त्यांनी बॅग खाली ठेवली. “आक्का, मी येऊ शकत होतो आणि आलो नाही,” ते म्हणाले. “तो सोमवार होता. खिडकीवरची बाई म्हणाली, उद्या निघा, बुधवारी पोचाल. मी नाही म्हटलं. तुझा राग खरा आहे. पण एकदा माझ्याकडे बघ.”

“बघतेच आहे,” आक्का फलकाकडे तोंड करून म्हणाली.

मास्तरांना कळेना. त्यांनी भाचीकडे पाहिलं. भाचीनं ओठ घट्ट मिटले होते.

“मधलं गेलंय, बारक्या,” आक्का म्हणाली. “सरळ बघितलं की मधे नुसता करडा डाग. ज्याच्याकडे बघावं तो नेमका नाहीसा होतो. कडेचं अजून दिसतं थोडं. म्हणून तुला बघायचं तर मला भिंतीकडे बघावं लागतं. जरा डावीकडे सरक. माझ्या डावीकडे. अजून. हां, तिथे थांब.”

मास्तर थांबले.

“कधी गेलं?” त्यांनी विचारलं. विचारायला नको होतं हे विचारतानाच त्यांना माहीत होतं.

आक्का खोटं बोलावं की काय याचा विचार करत असावी. पण लहानपणापासून तिनं त्यांना कधी खोटं सांगितलं नव्हतं. “मागच्याच्या मागच्या गुरुवारी,” ती म्हणाली. “सकाळी उठले आणि आरशात बघितलं तर मला तोंडच नाही. आदल्या संध्याकाळी होतं.”

आदली संध्याकाळ म्हणजे बुधवार, तोच बुधवार. मास्तरांना मोजावं लागलं नाही. गाडी सुटली, तिचा आवाज लांब गेला, फलाटावर तिघंच राहिली. मास्तरांनी तोंडावर हात दाबला, पण उपयोग झाला नाही. ते उभ्या उभ्याच रडायला लागले, खांदे हलवून, लहान मुलासारखे, आणि भाची त्यांच्याकडे एक पाऊल पुढे आली.

आक्कानं हात वर करून तिला थांबवलं. तिची नजर फलकावरच होती.

“रडू नकोस, बारक्या,” ती म्हणाली. “आधीच कडेकडेनं दिसतंय. त्यात तू तोंड वाकडं केलंस, तर मी लक्षात काय ठेवू?”